मिलच्या पट्ट्याचे दोन बुश

धुळ्याच्या दुकानदारानं काउंटरवर तीन बुश मांडले आणि विचारलं, "बोला बाबा, यातला कोणता देऊ?"

नवा बुश घ्यायला मी आलोच नव्हतो. नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी धुळ्याला आलो होतो आणि पिशवीत फडक्यात गुंडाळून जुना फाटका बुश बरोबर घेतला होता. भंगारात एखाद्या मेलेल्या गाडीचा आर्म मिळतो का ते पाहायचं होतं. या दुकानात शिरलो तो भंगारवाल्यांची गल्ली विचारायला. विचारताना जुना बुश दाखवला, तर त्यानं हे तीन काढून ठेवले.

कारण हा बुश कंपनीनं बंद केला, असं मला सांगितलं होतं. सांगणारा माझा दोस्त. जळगावात त्याचं गॅरेज आहे, तीस वर्षांपासून. म्हणाला होता, "सगळं जळगाव पालथं घातलं गड्या, कुठंच नाही." ही गोष्ट मागच्या वर्षीच्या चैत्रातली. मी एक वर्ष त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो.

ज्याला गाडीतलं कळत नाही त्याला सांगतो. पुढच्या चाकाला आतून एक लोखंडी हात धरून ठेवतो, त्याला आर्म म्हणतात. आर्मच्या भोकात जाड रबर बसवलेलं असतं, रबराच्या मधून लोखंडी नळी. तो बुश. रस्त्याचा धक्का आधी तो खातो, मग उरलेला माणसापर्यंत येतो. बुश फाटला की खडखड होते, गाडी एका अंगाला ओढते आणि ब्रेक मारला की चाक जागा सोडतं. तशा गाडीत लांबचा प्रवास करू नये. यात दोस्त खोटं बोलला नव्हता. माझ्या गाडीच्या डाव्या आर्मचे दोन्ही बुश गेलेले होतेच.

"बंद झालाय ना हा?" मी दुकानदाराला विचारलं.

"कोण म्हणतं? रोज जातो. तुमच्या गाड्या काय कमी आहेत खेड्यापाड्यात?"

"जळगावात मिळत नाही."

तो हसला. "बाबा, माझा माल जळगावहूनच येतो."

मी स्टुलावर बसलो. त्याला वाटलं उन्हाचा त्रास झाला, त्यानं पाणी दिलं. मग तो आपल्या धंद्याला लागला. पहिला बुश हातात घेऊन म्हणाला, "हा कंपनीचा, रबराचा. हा दुसरा लोकल. दिसायला सख्खा भाऊ, पण एका पावसाळ्यात तोंड काळं करतो. आणि हा तिसरा, पीयू." तिसरा पिवळ्या प्लास्टिकचा होता, दगडासारखा टणक. "हा मरत नाही. गाडी भंगारात जाईल, हा तसाच राहील."

"मग सगळे हाच का नाही घेत?"

"कडक असतो ना. रस्त्यातला खडासुद्धा कमरेला निरोप देतो. रबर स्वतः झिजतं, पण बसणाऱ्याला सांभाळतं. आता तुम्ही सांगा, गाडीत बसतं कोण?"

"मी."

"आणखी?"

एवढा साधा प्रश्न. कोणीही विचारावा असा.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग पीयू न्या. एकट्या माणसाला काय होतंय!"

मी रबराचे दोन मागितले. त्यानं खांदे उडवले आणि दिले. मी निघालो तेव्हा माझा जुना बुश अंगठ्यानं दाबून म्हणाला, "हा नुसता फाटला नाही, फुगलाय. याला तेल कोण पाजत होतं?"

मीच पाजत होतो. चौतीस वर्षं डाळ मिलमध्ये काढलेला माणूस मी, चौथी शिकलेला. चाळणी, शाफ्ट, पट्टा हेच माझं शिक्षण. तिथं कुरकुरलं की तेल घालायचं. गाडी घेतली तेव्हापासून दर दसऱ्याला पूजा करायचो आणि खाली झोपून रबरांना तेल चोपडायचो. मिलमध्ये तुरीला तेल लावून मुरवत ठेवतात ते टरफल सुटावं म्हणून. जन्मभर हे केलं, पण तेल रबरालाही सोडवत असेल हे कधी मनात आलं नाही. माझा दोस्त दर दसऱ्याला तिथं उभा राहून पेढा खायचा. त्यानंही कधी सांगितलं नाही.

धुळ्याहून जळगावची एसटी पकडली. बुशांची पुडी मांडीवर होती. पारोळा येईपर्यंत मागचा चैत्र एकसारखा डोळ्यांपुढे फिरत होता.

माझ्या बायकोचं माहेर पिंपळनेर, साक्रीच्या पुढं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. सासरी वर्षभर मान खाली घालणारी बाई त्या चार दिवसांत मोठ्यानं हसते. आमच्या लग्नानंतर हिनं बाळंतपण सोडलं तर एक आखाजी चुकवली नाही. मागच्या वर्षी मात्र तिचं दुखणं हाडापर्यंत गेलं होतं. दवाखान्यातून घरी आणलेली, ओट्यावर खाटेवर पडून असायची. मला म्हणाली, "आखाजीले मन्हा माहेरले लई चला." मला माहेरी घेऊन चला, एवढंच. मी म्हणालो, नेतो.

मी तिला तेव्हा सांगितलं होतं की भाड्याची गाडी करू. ती म्हणाली, परक्याच्या गाडीत उलटी झाली तर लाज वाटेल, आपलीच गाडी होऊ द्या. म्हणून गाडी गॅरेजला नेली, आणि तिथं दोस्तानं आर्म सोडून बुश दाबून काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणे, हा नंबर बंद.

मिलमध्ये जुन्या चाळणीचा सुटा भाग मिळाला नाही तर आम्ही रडत बसत नव्हतो. पट्ट्यातून कापून बनवायचो. निवृत्त झालो तेव्हा मिलचा कॅनव्हास-रबराचा जुना पट्टा मी घरी आणला होता, न्हाणीच्या दारात टाकायला. तो उचलला, धुतला, आणि ओट्यावर कामाला बसलो. नळीच्या तुकड्याला कानशीनं धार लावून त्यानं गोल चकत्या पाडल्या. पंक्चरच्या सोल्युशननं एकावर एक चिकटवल्या, मधलं भोक सळई तापवून पाडलं. घरभर जळक्या रबराचा वास. ती खाटेवरून पट्ट्याचं टोक धरायची. हातात जोर नव्हता, तरी धरायची.

चकत्यांचा ढीग पाहून म्हणाली, "इतला पापड कोन खाई?"

"तुझा भाऊ," मी म्हणालो. भाऊ तिचा केव्हाच वारलेला. ती हसली आणि हसताना कळ आली म्हणून थांबली.

रोज सकाळी एकच विचारायची, "आज व्हई का हो गाडी?" होईल का गाडी आज. मी म्हणायचो, होईल.

पहिले दोन बुश घेऊन गॅरेजला गेलो. दोस्तानं पट्टी लावून पाहिलं. म्हणाला, "दोन सूत कमी." परत आलो, परत कापले. दुसऱ्या खेपेला म्हणाला, आतली नळी हलतेय. तिसऱ्या खेपेला बराच वेळ हातात घेऊन फिरवत बसला आणि म्हणाला, "गड्या, ही गाडी आहे, चाळणी नाही. राहू दे." आखाजीला तेव्हा दोन दिवस उरले होते. बुश त्याच्या टेबलावर टाकून मी घरी आलो.

आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या पोरींनी कडुनिंबाला झोका बांधला होता. गाणी ओट्यापर्यंत ऐकू येत होती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायाशी बसून होतो, दोन बुश नीट बनवता न आलेला माणूस. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुढली आखाजीले जाऊत." त्यानंतर दीड महिन्यानं गेली.

ती गेल्यावर गाडीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली पडून होती. या वर्षी तिची पहिली आखाजी. गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, घागरीवर डांगर ठेवतात, म्हणजे खरबूज. घागर सासरच्याच घरी भरायची असते, माहेरी चालत नाही. पण मी ठरवलं की डांगर तरी तिच्या माहेरचं आणू, पांझरा नदीच्या वाळूतलं, भावजयीच्या हातचं. आणि आणायचं ते त्याच गाडीनं. तिला नेता आलं नाही, निदान हे तरी.

म्हणून धुळ्याला बुश शोधत होतो. आणि तो पहिल्याच दुकानात मिळाला, तीन-तीन प्रकारचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजला गेलो. दोस्त ग्राइंडरवर काहीतरी घासत होता. मी पुडी सोडून नवे दोन बुश त्याच्यासमोर ठेवले. त्यानं पाहिलं. मशीन बंद केली.

"कुठं मिळाला?"

"जिथं मिळतो तिथं."

"बस. चहा सांगतो."

"चहा तुझ्या मढ्यावर घाल. हा बंद झाला होता ना?"

त्यानं हात पुसले. मग पुन्हा पुसले. स्वच्छ झालेले हात किती पुसायचे?

"तुझ्या पोराचा फोन आला होता," तो म्हणाला. माझा मुलगा नाशिकला असतो, नोकरीला. "डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, आईचं कमरेचं हाड पोखरलंय, एका खड्ड्यात मोडेल. इथून पिंपळनेर म्हणजे काय जवळ आहे? आणि तुझे डोळे असे. एरंडोलजवळ दुभाजकाला गाडी घासलीस, आठवतं का? पोरगा म्हणाला, काका, आबांना गाडी देऊ नका, काहीही सांगा."

"आणि तू काहीही सांगितलंस."

"मग काय करू? खरं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"भांडलो असतो! तुझ्याशी, पोराशी, डॉक्टरशी. हरलो असतो कदाचित. पण भांडायला तरी मिळालं असतं. तुम्ही मला बुश कापायला बसवलं, लेकाहो. शेंबड्या पोराला खुळखुळा द्यावा तसं."

तो खाली बघत होता. माझा राग अजून बाहेर पडत होता, मी थांबलो नाही. म्हणालो, "आणि तिचा विचार केला का कोणी? ती मरताना काय घेऊन गेली? नवऱ्याला साधा रबराचा तुकडा बसवता आला नाही, हे घेऊन गेली."

तेव्हा त्यानं मान वर केली. मला वाटतं हे त्याला सांगायचं नव्हतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी त्याला तिथं ढकललं.

"वहिनीला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सगळं. पोरानं तिलाही सांगितलं होतं. तू पहिले बुश घेऊन इकडं निघालास, तेव्हा घरून तिनं मला फोन केला."

"काय म्हणाली?"

तो तिच्या बोलीत बोलला. "भाऊ, त्यासले नही म्हनू नका. काम देत ऱ्हा. त्यासना हात रिकामा राह्यनात ते त्या रडतीन."

हात रिकामे राहिले तर मी रडेन. म्हणून मला काम देत राहा.

मी विचारलं, "दोन सूत कमी होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "माप बरोबर होतं. पहिल्यापासूनच."

मग कपाटातून पेढ्यांचा एक जुना डबा काढून त्यानं माझ्यापुढे सरकवला. आत माझे पट्ट्याचे दोन बुश. वर्षभर जपून ठेवलेले, कागदात गुंडाळून. जणू त्यानं काही फिटणार होतं.

"आर्म दे," मी म्हणालो.

"मी बसवून देतो ना बुश. आत्ता—"

"तुझा हात नको लागायला. आर्म दे."

त्यानं आर्म दिला. डबा मी पिशवीत टाकला. आम्ही तीस वर्षांत एकमेकांना शिव्या पुष्कळ दिल्या. त्या दिवशी निघताना एकही दिली नाही, ते जास्त वाईट.

गॅरेजच्या बाहेर उभा राहून मुलाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, आईसाठीच केलं हो."

"मी कोणासाठी कापत होतो रे?"

"तुम्हाला काही झालं असतं तर? दोघांनाही—"

"मला विचारायचं."

फोनमध्ये त्याच्या ऑफिसातला आवाज येत होता. मी फोन ठेवला. पोरावर माझा राग आहे आणि तो मी पोरासमोर काढीन. दोस्तावर आहे, तोही काढला. तिच्यावरचा कुठं काढू? ती रोज सकाळी विचारायची, आज व्हई का हो गाडी. माहीत असून विचारायची. मी होईल म्हणालो की मान हलवायची. पट्ट्याचं टोक धरून बसायची, आणि त्याचं काहीच होणार नाही हे तिला ठाऊक होतं. परक्या गाडीत उलटीची लाज, ते खरं होतं की तेही नाटक, हे आता कोणाला विचारू? त्रेचाळीस वर्षं एका घरात राहिलो. मला कोणी फसवलं तर संध्याकाळी मी येऊन तिलाच सांगायचो.

आर्म घेऊन मी प्रेसवाल्याकडे गेलो. मुसलमान माणूस आहे, माझ्याच वयाचा, लेथ आणि प्रेस चालवतो. बुश हातानं ठोकून बसवायचा नसतो, प्रेसखाली सरळ दाबावा लागतो, नाहीतर आत तिरका जातो. त्यानं नवे रबराचे पाहिले आणि म्हणाला, "अच्छे लाये, भाई." मग मी पिशवी ठेवली तेव्हा डबा उघडला गेला. त्यातला एक पट्ट्याचा बुश त्यानं उचलला.

"हे कोणाचं काम?"

"माझं."

त्यानं उजेडात धरून फिरवला. नखानं थर खरवडून पाहिला. आर्मच्या भोकावर टेकवला आणि तळहातानं दाबला. तो सरळ तोंडापर्यंत गेला.

"हातानं केलंय?"

"हो."

"माझ्याकडे लेथ आहे तरी माझा असा येत नाही कधीकधी." मग धंद्यातला माणूस धंद्याचं बोलला. "पण कॅनव्हासचा पट्टा. पीळ बसला की थर सुटतात."

मी विचारायला नको होतं. विचारलं. "जळगावहून पिंपळनेरपर्यंत गेले असते का?"

त्यानं मनातल्या मनात रस्ता काढला. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री. ओठ हलताना दिसत होते.

"सावकाश चालवली असती तर जाताना गेले असते," तो म्हणाला. "येतानाचं सांगू शकत नाही."

"येतानाचं कोणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही. त्यानं नवे बुश प्रेसखाली घेतले, दोन दाबांत बसवले आणि आर्म माझ्या हातात देताना बजावलं की चाकं जमिनीवर टेकल्यावरच बोल्ट आवळा, लटकत्या चाकावर आवळला तर रबर पिळून फाटतं. मी गॅरेजमागच्या ताडपत्रीखाली जाऊन स्वतः आर्म चढवला. दोस्त लांब उभा होता. जॅक काढायच्या वेळी त्यानं येऊन चाकाला दगड लावला.

आखाजीच्या आदल्या दिवशी पिंपळनेरला गेलो. डोळ्यांचं ऑपरेशन दिवाळीतच झालंय, आता नीट दिसतं. खडखड नाही, ओढ नाही. भावजयीनं पिकलेलं डांगर दिलं, ते मी मागच्या सीटवर तिच्या गोधडीत ठेवलं, जिथं ती आडवी होणार होती तिथं. घरी आल्यावर गोधडी उघडून पाहिली. एवढा रस्ता आला, पण डांगराला एक डाग लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घागर भरली. वर डांगर ठेवलं. घागर भरताना गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं लागतं. तेवढं घेतलं. दुसरं काही मी तिच्याशी बोललो नाही, आणि अजून बोललेलो नाही.